दोन मिनिटांत संतचरित्र कसं सांगावं?

विचारलेला प्रश्न असा: "पुण्यात आमच्या चर्चमध्ये रोज सकाळच्या मिस्साआधी त्या दिवसाच्या संताविषयी दोन मिनिटं मराठीत बोलायचं काम फादरांनी माझ्यावर टाकलंय. पहिली पाळी ६ फेब्रुवारीला. वाचायला मिळतं ते एक तर चमत्कारांनी भरलेलं, नाहीतर नुसती सनावळी. कधी कॅलेंडरवर संताचं नाव असतं आणि मिस्सात त्याचा उल्लेखही होत नाही. सुरुवात कुठून करू? दंतकथा सांगू का? आणि समोर शाळेतली मुलं असतात, त्यांना एवढी मारझोड ऐकवायची का?"

सत्तावीस वर्षं मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले आणि त्यातली बारा-तेरा वर्षं हेच दोन मिनिटांचं काम केलं. त्यामुळे तुमच्या आधी माझ्या चुका करून झाल्या आहेत. त्यातल्या काही सांगते.

सनावळीला नावं ठेवू नका. निदान एक तारीख धरून ठेवा, तीच तुमची सुरुवात आहे. संताचा सण बहुतेक वेळा त्याच्या मरणाच्या दिवशी असतो. इंग्रजी पुस्तकांना हे समजावायला अर्धं पान लागतं, आपल्याला एक शब्द पुरतो: पुण्यतिथी. तुकाराम बीजेला देहूला गर्दी होते ती वैकुंठगमनाची, आळंदीची कार्तिकी ज्ञानदेवांच्या समाधीची. फरक एवढाच की चर्च मरणाच्या या दिवसाला जन्मदिवस म्हणतं, स्वर्गातला जन्म. ही चाल फार जुनी आहे. स्मर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर. तिथले म्हातारे बिशप पॉलिकार्प यांना १५५च्या सुमारास मारलं गेलं, तेव्हा तिथल्या मंडळींनी दुसऱ्या गावाला पत्र लिहिलं. त्यात आहे की आम्ही त्यांची हाडं गोळा केली आणि दरवर्षी त्या जागी जमून त्यांच्या हौतात्म्याचा जन्मदिवस साजरा करू. संतांच्या सणांचा एवढा जुना लेखी पुरावा दुसरा नाही. खऱ्या जन्माचे सण तीनच: नाताळ, २४ जूनला योहान बाप्तिस्ता आणि ८ सप्टेंबरला मरियामाता.

आता मिस्सात नाव का येत नाही ते. सगळे संत एका पंक्तीला बसत नाहीत. महोत्सव, सण, स्मृतिदिन आणि ऐच्छिक स्मृतिदिन अशा पायऱ्या आहेत. साधा रविवारसुद्धा संताच्या सणापेक्षा आणि स्मृतिदिनापेक्षा वरचा, महोत्सव मात्र सामान्य काळातल्या, म्हणजे नाताळ-ईस्टरचे खास काळ सोडून येणाऱ्या, रविवारालाही बाजूला सारतो. २९ जून २०२५ला रविवार होता, तरी पेत्र आणि पौल यांचाच मिस्सा झाला. उलट ४ ऑक्टोबर २०२६ला रविवार येतो, म्हणजे असिसीच्या फ्रान्सिसला जाऊन ८०० वर्षं होतात त्या वर्षीच्या त्याच्या सणालाही, त्याच्या संघातल्या फ्रान्सिस्कन मंडळींची गोष्ट सोडली तर, आपल्या चर्चमध्ये रविवारचाच मिस्सा असेल. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या जांभळ्या झग्याच्या दिवसांत, स्मृतिदिन आणखी खाली जातो, फार तर एक प्रार्थना मिळते. त्यामुळे ७ मार्चच्या पर्पेतुआ आणि फेलिसिती जवळजवळ दरवर्षी झाकल्या जातात. १७ मार्चचे पॅट्रिकही त्याच फेऱ्यात. पण ज्या चर्चला संताचं नाव आहे त्या चर्चपुरता तो महोत्सव असतो, म्हणून १८५०च्या आपल्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये त्या दिवशी जांभळ्याऐवजी पांढरा झगा दिसेल आणि शेजारच्या धर्मग्रामात नाही.

हे पाठ करत बसू नका. आदल्या दिवशी फादरांच्या टेबलावरची उपासनेची दिनदर्शिका बघा आणि सकाळी सॅक्रिस्टीत, म्हणजे फादर झगा चढवतात त्या खोलीत, डोकावा. लाल झगा काढून ठेवला असेल तर रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेलेले, किंवा प्रेषित, पांढरा असेल तर बहुधा बाकीचे. मी एकदा न बघता फ्रान्सिस झेवियरना 'हुतात्मा' म्हणून मोकळी झाले, पाठीमागे फादर पांढऱ्या झग्यात उभे. झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर तापाने गेले, कोणी मारलं नाही त्यांना. मिस्सा संपल्यावर एका गोवेकर आजोबांनी मला दारातच गाठलं.

घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडरही नेहमी भरवशाचं नसतं. १९६९मध्ये पोप सहावे पौल यांनी संतांची दिनदर्शिका बरीच आवरली. त्यात ज्यांच्याविषयी खात्रीचं फारसं काही हाती नव्हतं असे कित्येक जण सार्वत्रिक यादीतून निघाले. १४ फेब्रुवारीला एफसी रोडवर गुलाब विकले जातात ते व्हॅलेंटाइनच्या नावाने, पण मिस्सात त्या दिवशी नाव येतं सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांचं. रिक्षात ज्यांची पदकं दिसतात ते ख्रिस्तोफर तेव्हाच यादीतून गेले. संतपण कोणाचं काढून घेतलेलं नाही, रक्तसाक्ष्यांच्या मोठ्या नोंदवहीत दोघेही आहेत.

आता दंतकथा. हा प्रश्न मला वर्गातल्या एका मुलीने सोडवून दिला. १० ऑगस्टच्या लॉरेन्सची गोष्ट मी रंगवून सांगत होते. रोमचे डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे, लोखंडी जाळीवर निखाऱ्यांवर ठेवलेले, आणि तिथून ते म्हणतात, "ही बाजू झाली, आता उलटा." मुलं हसली. पाचवीतली ती मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "टीचर, हे ऐकलं कोणी?" मी घरी जाऊन शोधलं. पक्कं आहे ते एवढं: २५८मध्ये सम्राट व्हॅलेरियनचा हुकूम निघाला की बिशप, धर्मगुरू, डीकन यांना लगेच ठार करा. ६ ऑगस्टला पोप दुसरे सिक्स्टस यांना पकडून मारलं, चार दिवसांनी लॉरेन्सना. जाळीची आणि विनोदाची गोष्ट सव्वाशेहून अधिक वर्षांनी संत अँब्रोज सांगतात. हुकूम तर जागच्या जागी ठार करण्याचा होता, म्हणून अनेक अभ्यासकांना वाटतं की लॉरेन्सचाही शिरच्छेदच झाला असावा.

मग काय, जाळी टाकून द्यायची? मुळीच नाही. मराठीत यासाठी एक फार सोयीचा शब्द आहे, तो वापरा: म्हणे. "लॉरेन्स म्हणे जाळीवरूनही थट्टा करत होते." एका शब्दात गोष्टही राहते आणि तुमचा शब्दही. पक्कं आहे ते साध्या भूतकाळात सांगायचं, कानोकानी आलेलं 'म्हणे' लावून. आठवडाभरात ऐकणाऱ्यांना फरक कळायला लागतो. पुढे त्याच मुलीने मला टोकलं, "टीचर, आज म्हणे नाही लावलं."

चित्रं आणि पुतळे यांच्याबाबतही हेच. २० जानेवारीचे सेबास्तियन बाणांनी मेले नाहीत. ज्या जुन्या कथेवरून ते चित्र काढतात, तीच सांगते की ते बाणांतून वाचले आणि नंतर त्यांना सोट्यांनी मारलं. हातात झावळी दिसली तर समजा रक्तसाक्षी, लिली दिसली तर शुद्ध जीवन. पदुआच्या अंतोनीच्या हातातली लिली ती हीच.

पण या सगळ्याहून मोठी चूक वेगळीच असते, आणि ती मी सुरुवातीची पाच-सहा वर्षं केली. आपण फक्त मरण सांगतो. तलवार, आग, सिंह, संपलं. मग सगळे रक्तसाक्षी सारखेच वाटतात, हत्यार तेवढं बदलतं. आधी तो माणूस काय करत होता ते सांगा. त्याच्या मरणाचं कारण बहुधा त्या कामातच असतं.

पर्पेतुआ घ्या. साल २०३, गाव कार्थेज, आजच्या ट्युनिशियात. बावीस वर्षांची बऱ्या घरची बाई, अंगावर पिणारं मूल, आणि ख्रिस्ती होण्याची तयारी करणारी. तुरुंगात तिने स्वतः लिहून ठेवलं आणि ते लिखाण टिकलं. अठराशे वर्षांपूर्वीच्या बाईचं स्वतःच्या हातचं लिखाण किती आहे जगात? वडील तिला भेटायला येतात, नको म्हणून विनवतात. ती जवळच पडलेलं पाण्याचं भांडं दाखवते आणि विचारते, याला जे आहे त्यापेक्षा दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारता येईल का? वडील म्हणतात, नाही. "मग मलाही मी जी आहे त्यापेक्षा दुसरं काही म्हणता येणार नाही." मी हे सांगताना टेबलावर खरोखरचा तांब्या ठेवते. पुढे रिंगणातल्या जनावरांचं वर्णन एका वाक्यात उरकलं तरी चालतं. तांब्या लक्षात राहतो. तिच्याबरोबर फेलिसिती होती, गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. ती तुरुंगातच बाळंत झाली आणि तिच्या मुलीला दुसऱ्या एका ख्रिस्ती बाईने सांभाळलं. मालकीण वर्गातली आणि गुलाम एकाच दिवशी, एका नावात, हे वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही.

१४ ऑगस्टचे मॅक्सिमिलियन कोल्बे पुण्यातही विसरले जातात, कारण दुसऱ्या दिवशी मरियामातेला सदेह स्वर्गात घेतल्याचा महोत्सव आणि झेंडावंदन एकत्र. सगळे फुलांच्या मागे. पण वरच्या वर्गांसाठी मला याहून चांगली गोष्ट माहीत नाही. १९४१, ऑशविट्झ. एक कैदी पळाला म्हणून दहा जणांना उपाशी मारायला निवडलं. त्यातला एक बायकापोरांसाठी रडू लागला, आणि कोल्बे रांगेतून पुढे आले, "याच्या जागी मी जातो." दोन आठवड्यांनी ते अजून जिवंत होते, तेव्हा त्यांना विषारी इंजेक्शन दिलं. ज्याच्या जागी गेले ते फ्रांचिशेक गायोव्हनिचेक १९८२मध्ये कोल्बे यांना संतपद मिळालं त्या सोहळ्याला हजर होते. इथे एक बारकावा आहे. रक्तसाक्षी कोणाला म्हणायचं, तर श्रद्धेच्या द्वेषापोटी ज्याला मारलं त्याला. कोल्बे तर शेजाऱ्यासाठी मेले. म्हणून १९७१मध्ये त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, ठरवताना रक्तसाक्षी म्हटलं नव्हतं, पोप दुसरे जॉन पॉल यांनी संतपद देताना म्हटलं. आमच्या दहावीच्या मुलांनी यावर तासभर वाद घातला होता, कारण रक्तसाक्षी ठरलं तर धन्यवादित होण्यासाठी चमत्काराची अट लागत नाही, संतपदासाठी मात्र लागते. २०१७मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्यासाठी जीव देणाऱ्यांची निराळी वाटच करून दिली.

मुलांना मारझोड किती ऐकवायची? मरण लपवू नका, ते त्यांना कळतं. पण शरीराचं काय झालं ते एका वाक्यापलीकडे नको, आणि आवाज चढवून तर नकोच. मी बार्थोलोम्यूंची कातडी सोलली हे चवीने सांगितलं, आणि त्या रात्री एका मुलाच्या आईचा फोन आला. तिचं बरोबर होतं. दुसरं, मारणाऱ्यांची जात, धर्म, देश यावर बोट ठेवून थांबू नका. राजा किंवा अधिकारी होता, त्याला अमुक भीती होती, असं सांगा. तुमच्या वर्गातली मुलं बाहेर जाऊन ज्यांच्याबरोबर खेळतात, त्यांच्याकडे बघायची नजर तुमच्या दोन मिनिटांत बदलायला नको.

आणि शब्द. 'असीम त्याग', 'धगधगती श्रद्धा', 'हसतहसत मृत्यूला कवटाळले' हे सगळं वगळा. हसतहसत कोणी मरत नाही. दोन मिनिटं म्हणजे माझ्या वेगाने दोनशे शब्द, तावाची एक बाजू. लिहून काढा आणि घरी मोठ्याने वाचा.

जवळचे संत आधी घ्या. संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, देवसहायम. त्रावणकोरच्या दरबारातले नीलकंठ पिल्लै, १७४५मध्ये स्नानसंस्कार घेतला, १७५२मध्ये आरळवायमोळीच्या डोंगरात गोळ्या घातल्या. धर्मगुरू नाहीत, संसारी माणूस, २०२२मध्ये संत झाले. तिळगूळ वाटणाऱ्या घरात ही गोष्ट आपसूक बसते. दोनच दिवसांनी, १६ला, जोसेफ वाझ. बाणावलीचे गोवेकर. डच अमलात सिलोनमध्ये कॅथलिक धर्मगुरूला बंदी, म्हणून मजुराच्या वेषात शिरले. कँडीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून तुरुंगात टाकलं. नंतर १६९७मध्ये तिथे देवीची साथ आली तेव्हा ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं त्यांची सेवा केली. त्यांच्या प्रार्थनेने कँडीत पाऊस पडला, म्हणे. पुण्याशी धागा जोडायचा असेल तर आहे: नगर रोडवरची, धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी १९५५मध्ये इथे आली ती कँडीहूनच.

आपल्या भाषेत संतचरित्रं सांगणं नवं नाही हेही लक्षात असू द्या. १६५५मध्ये गोव्यात आंतोनियो द साल्दान्या या जेझुइटाने, म्हणजे येशूसंघातल्या धर्मगुरूने, त्याच अंतोनीचं चरित्र मराठी-कोंकणीत छापलं होतं. आणि पुण्यात कोणी 'हे तुमचे परदेशी संत' म्हणालं तर चिडू नका. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी, आणि ते १७९२मध्ये उभं राहिलं, एवढं सांगा आणि चहा प्या.

आता तुमची ६ फेब्रुवारी. नशीबवान आहात, पहिल्याच दिवशी वसईचा माणूस मिळाला. गोन्सालो गार्सिया, पोप नववे पायस यांनी १८६२मध्ये संत म्हणून जाहीर केलेले, भारतात जन्मलेले पहिले संत. मारलं ५ फेब्रुवारीला, पण ती तारीख आधीपासून सिसिलीच्या आगाथाची, म्हणून त्यांच्यासह नागासाकीत मारलेल्या २६ जणांचा दिवस एक दिवस पुढे सरकला. दिनदर्शिकेत वर नाव पॉल मिकी यांचं दिसलं तर गोंधळू नका, गोन्सालो त्यांच्याच सोबत्यांतले. मी हे असं बोलेन:

"आज ज्यांची आठवण करतो त्यांतले एक आपल्या वसईचे. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट फादरांच्या हाताखाली शिकले, पोरवयात त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा उचलली. त्यांना जेझुइट व्हायचं होतं, ते जमलं नाही. मग व्यापार केला आणि बरा केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात शिरले, तेही फादर म्हणून नव्हे, ब्रदर म्हणून. १५९३मध्ये फ्रान्सिस्कन मंडळी जपानला निघाली, पण जपानी कोणाला येईना. गोन्सालोंना येत होती. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या दरबारात फादर बोलायचे आणि गोन्सालो ते जपानीत सांगायचे. १५९६मध्ये एक स्पॅनिश जहाज किनाऱ्यावर फुटलं. त्याचा खलाशी म्हणे बढाई मारून गेला की आधी आमचे धर्मगुरू येतात, मागून सैन्य. हिदेयोशी बिथरला. सव्वीस जणांना धरलं: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, बाकी सतरा साधी जपानी माणसं. सगळ्यांत लहान लुई, बारा वर्षांचा. क्योतोमध्ये बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर थंडीत जवळपास महिनाभर नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ला तिथल्या टेकडीवर क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचं बोलणं तिसऱ्याच्या भाषेत नेलं."

इथे थांबा आणि बसा. लगेच प्रवेशगीत सुरू होऊ दे. वसईकर कोणी असतील तर मिस्सा झाल्यावर तिकडच्या गास गावातल्या गोन्सालोंच्या सणाचं सांगायला येतीलच, त्यांच्यासाठी दहा मिनिटं हाताशी ठेवा. उच्चार गोन्सालो, गोन्साल्विस नव्हे. ते आडनाव आहे आणि त्या आडनावाचे निदान चार जण तुमच्यासमोर बसलेले असतील.